आईचं पीएच, तीन महिन्यांची साखर ६.३, आणि दोन डॉक्टरांची दोन मतं

मंजिरी_ठाणे
नमस्कार मंडळी. आईला (वय ६१) बरीच वर्षं स्क्लेरोडर्मा (त्वचा आणि आतले अवयव कडक होत जाण्याचा आजार) आहे. त्यातूनच पुढे फुप्फुसांच्या धमन्यांमधला दाब वाढला, म्हणजे पल्मनरी आर्टेरियल हायपरटेन्शन, थोडक्यात पीएच. कॅथेटर घालून मोजला तेव्हा सरासरी दाब ४१ आला होता. सिल्डेनाफिल, बोसेन्टान (दोन्ही या दाबावरच्या गोळ्या) आणि लघवीची गोळी चालू आहे. तब्येत तशी बरी, एक जिना थांबत थांबत चढते.

या वेळच्या तपासणीत एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची साखर, ६.३ आलं. पण उपाशीपोटी साखर ९२ आणि जेवणानंतर दोन तासांनी १२८. आमच्याकडे माहेरी-सासरी कुणाला शुगर नाही. फॅमिली डॉक्टर म्हणतात, सीमारेषेवर आहे, आताच गोळी चालू करू. हृदयाचे डॉक्टर म्हणतात, सध्या काही करू नका, पुढच्या वेळी बघू. दोघेही घाईत होते.

कुठल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा? आणि पीएचचा आणि साखरेचा काही संबंध असतो का? कुणाच्या घरात असा पेशंट असेल तर अनुभव सांगा.

पेठकर
६.३ ला गोळी? आमच्या वाड्यात ६.३ आलं तर पेढे वाटतात.
(माझं ८.१ आहे. त्यामुळे माझा सल्ला घेऊ नका.)

सुगरण_माई
मंजिरी, आईला सकाळी कारल्याचा रस आणि भिजवलेल्या मेथ्या दे. रात्रीचा भात बंद कर. माझ्या जावेची शुगर यानेच आटोक्यात आली.

अण्णा_रत्नागिरी
माई, भात बंद करा असं कोकणी माणसाला सांगताना जरा प्रस्तावना तरी करा हो.

लॅबवाली
मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, डॉक्टर नाही. मंजिरी, आईचं हिमोग्लोबिन किती आहे? रिपोर्टवर एमसीव्ही (लाल पेशीचा सरासरी आकार) लिहिलेलं असेल, तेही बघ.

का विचारतेय ते सांगते. आपण ज्याला तीन महिन्यांची साखर म्हणतो, ती थेट साखर नसतेच. लाल पेशीतल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली आहे, त्याची ती टक्केवारी. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते आणि तेवढा काळ तिच्यावर साखर चढत राहते. म्हणजे हा आकडा साखरेवर जितका अवलंबून, तितकाच पेशीच्या वयावर. लोह कमी असेल तर अंगात जुन्या पेशी तुलनेने जास्त राहतात आणि साखर नॉर्मल असूनही एचबीए१सी वर सरकतं. उलट रक्त चढवलं असेल, पेशी लवकर फुटत असतील, नुकतंच लोहाचं इंजेक्शन झालं असेल, तर आकडा खोटाच कमी येतो.

आमच्याकडे रोज असे रिपोर्ट बाहेर पडतात. एका पानावर एचबीए१सी, दुसऱ्या पानावर हिमोग्लोबिन ९. दोन्ही पानं शेजारी ठेवून वाचणारा क्वचित भेटतो.

मंजिरी_ठाणे
हिमोग्लोबिन ९.६. एमसीव्ही ७०. यावर कुणी काहीच बोललं नव्हतं! "बायकांचं असतंच कमी" एवढंच.

लॅबवाली
दोन्ही कमी आहेत. मग फेरिटिन (अंगात साठवलेलं लोह) आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात फिरणाऱ्या लोहाची टक्केवारी) करून घे. स्क्लेरोडर्मासारख्या आजारात अंगात दाह असतो आणि त्यामुळे फेरिटिन खोटं वर दिसू शकतं, म्हणून दोन्ही हवीत. सॅच्युरेशन २० टक्क्यांच्या खाली असेल तर लोह कमीच धरतात.

चक्रधर
आकडेमोड करून बघितली. एचबीए१सीवरून सरासरी साखर काढायचं सूत्र आहे: आकड्याला २८.७ ने गुणा आणि ४६.७ वजा करा. ६.३ चे होतात १३४. आता उपाशीपोटी ९२ आणि जेवणानंतर १२८ असणाऱ्या बाईची दिवसभराची सरासरी १३४ कशी येईल? जेवणानंतरच्या आकड्यापेक्षा सरासरी जास्त! एक तर ती मधल्या वेळात गुपचूप श्रीखंड खाते, नाहीतर एचबीए१सी खोटं बोलतंय.

मंजिरी_ठाणे
श्रीखंडाची शक्यता अगदीच नाकारता येत नाही :) पण हे पटलं.

भालू७१
मलाही बीपी आहे. घरच्या मशीनवर फुप्फुसाचं बीपी कळतं का?

छातीवाले_डॉक
भालू, नाही कळत. दंडाला पट्टा बांधून मोजतो तो शरीरभर जाणाऱ्या धमन्यांचा दाब. फुप्फुसातला दाब हे वेगळंच प्रकरण. टूडी एकोवर त्याचा अंदाज येतो, खात्री मात्र उजव्या हृदयात कॅथेटर घालूनच होते. पूर्वी सरासरी २५ पासून पुढे आजार धरत, २०१८ पासून ती रेष २० च्या वर अशी खाली आली आहे.

आता मंजिरीताई, आधी एक सांगा. फॅमिली डॉक्टरांनी लिहिलेल्या गोळीत नेमकं काय आहे? पट्टीवरची बारीक अक्षरं वाचा.

मंजिरी_ठाणे
मेटफॉर्मिन ५०० आणि ग्लिबेनक्लामाइड ५. अजून सुरू केलेली नाही, आई म्हणाली आधी धागा काढ :)

छातीवाले_डॉक
आईंना माझा नमस्कार सांगा, कारण ही गोळी त्यांना चालणार नाही. बोसेन्टान आणि ग्लिबेनक्लामाइड एकत्र देत नाहीत. यकृताची एन्झाइम्स वाढतात आणि दोन्ही औषधांची रक्तातली पातळीही घसरते. बोसेन्टानच्या माहितीपत्रकात हे स्पष्ट निषिद्ध म्हणून लिहिलेलं असतं. फॅमिली डॉक्टरांवर रागावू नका. बोसेन्टान घेणारा पेशंट त्यांच्याकडे क्वचितच येत असेल. पण आजच फोन करून सांगा आणि पीएच बघणाऱ्या डॉक्टरांनाही कळवा.

बाकीचं लॅबवालीताईंनी नीट सांगितलंच आहे. मी दोन गोष्टी जोडतो. पीएचच्या पेशंटांमध्ये लोहाची कमतरता फार आढळते. बोसेन्टानच्या गटातल्या औषधांनी हिमोग्लोबिन थोडं खाली येतं ते वेगळंच. आणि स्क्लेरोडर्मा असेल तर लोह का कमी आहे हे शोधायलाच हवं. जठराच्या आतल्या फुगलेल्या रक्तवाहिन्यांतून हळूहळू रक्त झिरपत राहू शकतं, दुर्बिणीने बघितल्याशिवाय कळत नाही. ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील तर लोह शोषलं जात नाही, तेही आहे. साखरेच्या आधी हा प्रश्न सोडवा. लोह भरलं की पीएचवाल्याला दमही थोडा कमी लागू शकतो, हा जास्तीचा फायदा.

नागपुरी_संत्रं
आमच्याकडचं एक सांगतो. माझ्या चुलतभावाला सिकलसेल आहे, आणि त्यातूनच पीएच झालं. एका ठिकाणी एचबीए१सी ४.१ आलं, सगळे खूश. म्हटलं, काहून बे, एवढी छान शुगर? दुसऱ्या लॅबवाल्याने सांगितलं, बाप्पा, याच्या पेशी १२० दिवस जगतच नाहीत, साखर चिकटणार कधी? विदर्भात, नंदुरबारकडे सिकलसेलवाले भरपूर आहेत. त्या घरांतल्या माणसांनी एचबीए१सीच्या नादी लागूच नये. त्याचं आता फ्रुक्टोसअमाइन करतात.

लॅबवाली
संत्रं, अगदी बरोबर. पूर्ण सिकलसेल असेल तर एचबीए१सी कुठल्याच पद्धतीने उपयोगाचं नाही. नुसता वाहक असेल तर मशीन कुठलं आहे यावर ठरतं, आणि तिथे लॅबला विचारायचा तुम्हाला हक्क आहे. फ्रुक्टोसअमाइनमध्ये हिमोग्लोबिनऐवजी रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेली साखर मोजतात, मागच्या दोन-तीन आठवड्यांची. फक्त अल्ब्युमिन (त्यातलं मुख्य प्रथिन) बरंच कमी असेल तर तेही फसवतं. यकृत सुजलंय, पायावर सूज आहे, लघवीतून प्रथिनं जाताहेत, अशा पेशंटमध्ये जपून.

पेठकर
म्हणजे प्रत्येक तपासणीची आणखी एक तपासणी. लॅबवाल्यांची दिवाळी.

लॅबवाली
पेठकर, तुमच्या ८.१ ला कुठलीच दुसरी तपासणी नको. गोळ्या घ्या.

एडिसनकर
न्यू जर्सीहून. इकडे माझ्या सासूबाईंना पीएच आहे, पण त्यांचा प्रकार वेगळा: वजन, बीपी, कडक झालेलं डावं हृदय. त्यांना दंडावर सेन्सर लावलाय, दर काही मिनिटांनी साखर फोनवर दिसते. सुरुवातीला भारी वाटतं. मग पोहे खाल्ल्यावर चढलेली रेषा बघून घरात जे महाभारत होतं ते विचारू नका. माझं मत: मंजिरी, सरळ ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांची तपासणी करून घे. १४० च्या आत आली तर विषय संपला.

धुरकट
मी जरा वेगळं बोलतो. इथे सगळे एचबीए१सी खोटं ठरवायच्या मागे लागलेत. पीएचच्या पेशंटांत साखरेचा बिघाड खरंच जास्त असतो, असं मी बऱ्याच ठिकाणी वाचलंय. मग ६.३ म्हणजे धोक्याची घंटा नाही कशावरून? लोह कमी आहे म्हणून आकडा वर गेला, हे मान्य. पण तेवढ्यावरून साखर नॉर्मलच, असंही सिद्ध होत नाही.

छातीवाले_डॉक
धुरकट, मुद्दा रास्त आहे. मंजिरीताईंचा दुसरा प्रश्नही हाच होता आणि आपण सगळे त्याला बगल देऊन पुढे गेलो.

संबंध आहे. किती आणि कोणत्या दिशेने, यावर वाद आहे. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या गटाने २००९ मध्ये दाखवलं की या आजाराच्या स्त्रियांमध्ये इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सर्वसामान्य स्त्रियांपेक्षा जास्त आहे. त्यांनी त्यासाठी ट्रायग्लिसराइड आणि एचडीएल यांचं गुणोत्तर वापरलं होतं, म्हणजे आपल्या साध्या लिपिड रिपोर्टमधले दोन आकडे. त्याआधी २००७ मध्ये उंदरांवर काम झालं होतं. इन्सुलिनला न जुमानणाऱ्या उंदरांना पीएच झालं आणि रोझिग्लिटाझोन हे साखरेचं औषध दिल्यावर ते मागे फिरलं. पुढे जर्मनीतल्या गीसेनच्या केंद्राने बघितलं की एचबीए१सी जास्त असलेल्या पेशंटांचं आयुर्मान कमी दिसतं.

हे वाचून लगेच "साखरेमुळे पीएच" म्हणायचा मोह होतो. पण उलटही शक्य आहे. हृदयाची उजवी बाजू थकली की माणूस हलत नाही, स्नायू वापरले जात नाहीत, यकृतात रक्त तुंबतं, ताणाची संप्रेरकं वाढतात. या सगळ्याने साखर बिघडते. मग एचबीए१सी हा आजार किती पुढे गेलाय त्याचा नुसता मापक ठरतो. आणि जास्त एचबीए१सीवाल्यांपैकी काहींना लोहच कमी असेल तर? लोह कमी असणं हे पीएचमध्ये स्वतःच वाईट लक्षण मानतात. तो गुंता अशा अभ्यासांत नेहमी सुटलेला नसतो.

आणखी एक. एडिसनकरांच्या सासूबाईंचा प्रकार आणि मंजिरीताईंच्या आईचा प्रकार एका तागडीत घालू नका. डाव्या हृदयामुळे होणारं पीएच हे सगळ्यात जास्त आढळतं. तिथे वजन-बीपी-साखर ही त्रिकुटं आजाराच्या मुळाशीच असतात आणि साखरेवरचे उपचार, विशेषतः डापाग्लिफ्लोझिनसारखी औषधं, हृदयालाही मदत करतात. धमन्यांच्या मूळ आजारात तसा पुरावा अजून नाही. मेटफॉर्मिनचा छोटा प्रयोग अमेरिकेत व्हँडरबिल्टला झाला. गोळी सुरक्षित निघाली, उजव्या हृदयाच्या कामात सुधारणेची चिन्हंही दिसली. पण पेशंट अवघे वीस.

धुरकट
वीसच? मग ठीक, मी गप्प बसतो. तात्पुरता.

कल्याणची_स्वाती
डॉक, रोझिग्लिटाझोनचा भाऊ पिओग्लिटाझोन. तो माझ्या वडिलांना शुगरसाठी चालू होता. पीएच निघाल्यावर बंद केला. का?

छातीवाले_डॉक
योग्यच केलं. त्याने अंगात पाणी साठतं. उजव्या हृदयाला आधीच पाणी जड जातंय, त्यात भर. उंदरांत जे औषध गुणकारी ठरलं त्याच घराण्यातलं औषध माणसात या कारणाने नको होतं.

अण्णा_रत्नागिरी
अवांतर करतो, माफी. आमच्या बायकोला हाच आजार आहे. पहिल्यांदा सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध हेच) आणायला गेलो तेव्हा केमिस्टने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि डोळा मारला. म्हटलं, बायकोसाठी आहे. तर म्हणतो, "सगळे बायकोसाठीच नेतात, अण्णा." चिठ्ठी दाखवली, दिवसातून तीनदा लिहिलेलं. मग त्याच्या चेहऱ्यावरचा आदर बघण्यासारखा होता.

पेठकर
😂😂 धाग्याचं सार्थक झालं.

छातीवाले_डॉक
अण्णा, भारी! पण याच निमित्ताने गंभीर सूचना. घरात कुणाच्या छातीत दुखलं की जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवायची सवय असते. सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल घेणाऱ्याला ती गोळी कधीही देऊ नका, बीपी धाडकन कोसळतं. शेजाऱ्यांनाही सांगून ठेवा.

सुगरण_माई
एवढी औषधं! त्यापेक्षा वजन उतरवायची ती नवीन गोळी मिळते म्हणे, हर्बल. वजन उतरलं की साखर, हृदय सगळंच सुधारेल ना?

चक्रधर
माई, या आजाराच्या बाबतीत "वजन उतरवायची गोळी" हा शब्द ऐकला तरी अंगावर काटा यावा असा इतिहास आहे. १९६० च्या दशकात स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया आणि जर्मनीत अमिनोरेक्स नावाची भूक मारणारी गोळी आली, आणि पाठोपाठ पीएचची साथ. नंतर फेनफ्लुरामिनने तेच केलं, १९९७ मध्ये ते बाजारातून काढावं लागलं. डबीवर हर्बल लिहिलंय, आत काय आहे कुणाला ठाऊक.

सुगरण_माई
अरे देवा. नको मग. कारलंच बरं.

कल्याणची_स्वाती
माई, कारलं-मेथीचंही एक आहे. बाबांना रक्त पातळ करायची वॉरफरिन आहे. एक आठवडा रोज मेथीची भाजी आणि पुढचा आठवडा काहीच नाही, असं केलं की त्यांचा आयएनआर (रक्त किती पातळ झालंय तो आकडा) हेलकावे खातो. हिरवी पालेभाजी दर आठवड्याला साधारण सारखीच ठेवा, असं आम्हाला सांगितलंय. आणि लोणचं-पापडावर जास्त लक्ष, मिठाने पाय सुजतात. उपवासाला साबुदाणा खिचडी खाऊन दुसऱ्या दिवशी साखर तपासायला गेलो की आकडा वर, त्यावरून घरात वाद, हे तर दर एकादशीला.

मंजिरी_ठाणे
मंडळी, बऱ्याच काळाने अपडेट देतेय, उशिराबद्दल माफ करा.

फेरिटिन ८ आलं, सॅच्युरेशन ९ टक्के. ग्लिबेनक्लामाइडवाली गोळी सुरू केलीच नाही. फॅमिली डॉक्टरांनी फोनवर शांतपणे ऐकलं आणि स्वतःच्या डायरीत लिहून घेतलं. दुर्बीण झाली. डॉकनी म्हटल्याप्रमाणे जठरात रक्त झिरपणाऱ्या वाहिन्या निघाल्या, त्यावर लेझरसारखा काहीतरी उपचार केला. लोह शिरेतून दिलं. त्या काळात फ्रुक्टोसअमाइन केलं, ते नॉर्मल मर्यादेत होतं. आईचं अल्ब्युमिन चांगलं असल्याने त्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही म्हणाले.

आता हिमोग्लोबिन ११.९ आहे आणि पुन्हा केलेलं एचबीए१सी ५.८. जिना आता न थांबता चढते. तो लोहाचा परिणाम की मला दाखवण्यासाठी, माहीत नाही.

चक्रधर
५.८ म्हणजे सरासरी १२०. आता गणित जुळतंय.

धुरकट
५.७ पासून ६.४ पर्यंत प्रीडायबेटिस धरतात ना? म्हणजे माझा मुद्दा थोडा तरी उरला.

छातीवाले_डॉक
उरला, आणि तो मंजिरीताईंनी लक्षात ठेवावा. लोह भरल्यावरही ५.८ आहे, म्हणजे कल थोडा आहेच. औषध नको. सहा महिन्यांनी किंवा वर्षाने पुन्हा तपासा, दर वेळी हिमोग्लोबिन आणि फेरिटिनसोबत. रक्त झिरपणं परत सुरू झालं तर एचबीए१सी पुन्हा वर जाईल, तेव्हा आधी पोटाकडे बघा. स्क्लेरोडर्मासाठी स्टेरॉइड कधी सुरू झालं तर मात्र साखर घरी तपासायला लागा, तेही दुपारच्या जेवणानंतर. सकाळच्या स्टेरॉइडने उपाशीपोटीची साखर बऱ्याचदा नॉर्मल राहते आणि संध्याकाळी उधळते.

सांगलीकर_दादा
नवीन सभासद आहे. माझ्या मुलाला (२४) जन्मापासून हृदयात छिद्र, वेळेवर ऑपरेशन झालं नाही, आता आयझेनमेंगर (छिद्रामुळे फुप्फुसातला दाब वाढून रक्त उलट वाहू लागणं) सांगितलंय. ओठ निळे असतात. हिमोग्लोबिन २० आहे. गेल्या वर्षी शुगरही निघाली. घरच्या ग्लुकोमीटरवर ८५-९० येते आणि लॅबमध्ये त्याच वेळी १२० च्या वर. मशीन दोनदा बदललं. दुकानदार म्हणतो पट्ट्या जुन्या.

लॅबवाली
दादा, पट्ट्या जुन्या नाहीत, रक्त दाट आहे. हिमोग्लोबिन २० म्हणजे हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचा टक्का) साठीच्या घरात. बोटाच्या थेंबात पेशींची गर्दी असली की पट्टीला साखर खऱ्यापेक्षा कमी दिसते. पट्ट्यांच्या डबीतल्या कागदावर हिमॅटोक्रिटची मर्यादा छापलेली असते, कुठे ३० ते ५५, कुठे २० ते ६०. तुमच्या मुलाचा आकडा त्या मर्यादेबाहेर असेल तर ते मशीन त्याच्यासाठी नाहीच. वर काही पट्ट्या रक्तातल्या प्राणवायूवरही अवलंबून असतात, प्राणवायू कमी असेल तर साखर जास्त दाखवतात. म्हणजे दोन चुका उलट दिशेने, आणि बेरीज काय येईल सांगता येत नाही. त्याला साखर लॅबमध्येच मोजावी लागेल.

छातीवाले_डॉक
पूर्ण सहमत. दादा, एक विनंती. रक्त दाट आहे म्हणून कुणी दर महिन्याला रक्त काढून टाकायला सांगितलं तर आधी जन्मजात हृदयरोगाच्या तज्ज्ञाला विचारा. दाट रक्ताचा स्पष्ट त्रास नसताना रक्त काढत राहिलं तर लोह संपतं आणि लहान, ताठर पेशी तयार होतात, त्याने उलट धोका वाढतो. हिमोग्लोबिन २० असलेल्या मुलाचंही लोह कमी असू शकतं, फेरिटिन करून घ्या. एचबीए१सीवरही त्याच्या बाबतीत फार विसंबू नका.

सांगलीकर_दादा
डबीतला कागद बघितला. ३० ते ५५ लिहिलंय. पोराचं ६२ आहे. वर्षभर असलंच मशीन वापरतोय आम्ही. सोमवारी लॅबमध्ये नेतो, फेरिटिनचंही सांगतो.

पेठकर
दादा, सोमवारी काय आलं ते इथेच लिहा. मीही माझं करून घेतोय. घरात हा धागा वाचला गेलाय.